कागदाचे मासे

समुद्राशी माझी ओळख आहे ती ताटातली. आमचे घराणे मूळचे मालवणकडचे. त्यामुळे बांगडा, पेडवे, सुरमई, सरंगा, लेपा ही मंडळी मला नावानिशी ठाऊक आहेत. पण ती तळलेल्या किंवा कालवणातल्या अवस्थेत. अंगात जीव असताना ती कशी दिसतात, कशी वळतात, कुणाला घाबरतात, याची चौकशी मी उभ्या आयुष्यात केली नव्हती. गिरगावातल्या एका शाळेत चौतीस वर्षे गणित शिकवले, निवृत्त झालो आणि डोंबिवलीत येऊन राहिलो. डोंबिवलीला खाडी आहे, समुद्र नाही. तेव्हा वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी समुद्रातल्या प्राण्यांच्या नादी लागेन असे कुणी म्हटले असते, तर मी त्याला उत्तर पुन्हा तपासून पाहायला सांगितले असते.

हे सगळे घडले २०२४ सालच्या दिवाळीत.

आमचे चिरंजीव व्यापारी जहाजावर अधिकारी आहेत. वर्षातले सहा-सात महिने ते पाण्यावर असतात आणि उरलेले घरी. घरी असतात तेव्हा ते इतके घरी असतात की हिला त्यांना बाजारात पिटाळावे लागते. त्या वर्षी ते दिवाळीच्या आधी उतरणार होते. लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होते. तोवर बाबा येतील, असे आमच्या नातीला सांगून ठेवले होते. नात आठ वर्षांची. घरात तिला चिऊ म्हणतात. तिने भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज एक फुली मारायचा क्रम ठेवला होता, आणि १ तारखेच्या चौकोनात एक होडी काढून ठेवली होती.

वसुबारसेच्या संध्याकाळी सूनबाईंना निरोप आला. तांबड्या समुद्रात २०२३च्या अखेरीपासून जहाजांवर हल्ले होऊ लागले, तेव्हापासून कितीतरी जहाजे सुएझचा कालवा सोडून सबंध आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून जाऊ लागली आहेत. त्या वळशात दिवसामागून दिवस जातात. चिरंजीवांचे जहाज त्याच वाटेवर होते. आणि ज्या बंदरात त्यांच्या जागी दुसरा अधिकारी चढायचा, ते बंदर आता दिवाळीनंतरच येणार होते. केव्हा, ते नक्की नव्हते.

सूनबाईंनी डोळे पुसले, पदर खोचला आणि चकल्यांची भाजणी मळायला घेतली. स्वयंपाकघरात आमची तिघांची दबल्या आवाजात बैठक झाली. चिऊला एवढ्यात सांगायचे नाही, असे ठरले. "निदान पहिली आंघोळ तरी आनंदात होऊ दे पोरीची," ही म्हणाली. मग दोघींनी माझ्याकडे पाहिले. घरात फराळाची गडबड सुरू झाली की मी अडगळ असतो. तेव्हा माझ्याकडे काम आले ते असे : चिऊला गुंतवून ठेवायचे.

म्हणजे कागदाचे मासे आमच्या घरी आले ते मुळात एका लबाडीच्या पोटी. हे आधीच कबूल केलेले बरे.

गुंतवून कशात ठेवायचे, हे मला सुचेना. मी बुद्धिबळाचा पट काढला. तिने तो परत ठेवला. मी पाढ्यांचा एक गमतीचा खेळ सांगितला. तिने माझ्याकडे अत्यंत करुणेने पाहिले. शेवटी तीच म्हणाली, "आजोबा, आपण समुद्र करू या. बाबा आले की त्यांना दाखवू."

मी म्हटले, "करू या की." त्यावेळी माझा आवाज थोडा बदलला असावा.

दुसऱ्या दिवशी, धनत्रयोदशीला, आमच्या हॉलमध्ये समुद्राचा पाया घातला गेला. समोरच्या घरातले दोन भाऊ, एक दहा वर्षांचा आणि एक सहा वर्षांचा, हेही कामावर रुजू झाले. कोपऱ्यावरच्या दुकानातून घोटीव कागद, पतंगी कागद, जिलेटीन आणले. बाजारात हल्ली तऱ्हेतऱ्हेचा डिंक मिळतो. पण हिने मैद्याची खळ शिजवून दिली. खळीच्या त्या उग्र गोडसर वासाने मी क्षणभर चाळीतल्या गॅलरीत जाऊन आलो. तिथे दिवाळीच्या आधी प्रत्येक दारापुढे कामट्या, कागद आणि खळीचे भांडे घेऊन कुणी ना कुणी बसलेला असे.

मी पहिला मासा कापला तो पापलेट. दोन कंस समोरासमोर ठेवले आणि मागे शेपटी जोडली, की पापलेट होतो. भूमितीच्या दृष्टीने हा फार सोयीचा मासा आहे. चिऊने सांगितले, "आजोबा, पापलेट आपल्या राज्याचा मासा आहे, माहितीय?" मला माहीत नव्हते. पण ते खरे आहे. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केले. स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "राज्यमासा झाला तरी कालवणाला चालतो ना? तेवढं विचारून घ्या."

मग मी लेपा करायला घेतला. सत्तर वर्षे खाल्लेला मासा! मी तो पानासारखा कापला, दोन्ही बाजूंना एकेक डोळा काढला आणि मोठ्या ऐटीत मुलांपुढे ठेवला. चिऊने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "चुकलं. त्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला असतात."

"असे कसे असतील?" मी म्हटले.

तिने बाबांनी आणून दिलेले जाडजूड पुस्तक काढले. लहानपणी या माशाला इतर माशांसारखेच दोन बाजूंना दोन डोळे असतात. पण वाढता वाढता एक डोळा हळूहळू सरकत दुसऱ्या बाजूला जातो, आणि मग हा मासा जन्मभर वाळूत आडवा पडून दोन्ही डोळ्यांनी वर पाहत राहतो. मी चित्र पाहिले. माझ्या डोळ्यांपुढून सत्तर वर्षांतले सगळे लेपे एकामागून एक सरकत गेले. इतक्या वेळा ताटात येऊन ते माझ्याकडे दोन्ही डोळ्यांनी पाहत होते, आणि मी एकदाही त्यांच्याकडे पाहिले नव्हते!

मास्तरकीत एक मोठा तोटा असतो. चौतीस वर्षे आपण दुसऱ्याच्या चुका लाल शाईने दाखवीत बसतो. स्वतःची चूक पाहण्याचा सराव राहत नाही. त्या दिवशी मला तो पुरेपूर मिळाला. खेकड्याला मी आठ पाय लावले. धाकट्याने मोजून सांगितले की दोन नांग्या धरून दहा हवेत. जेलीफिशला मी मोठ्या हौसेने लाल बदाम चिकटवला. थोरला म्हणाला, तिला हृदयच नसते, मेंदूही नसतो, हाडेही नसतात. मी म्हटले, "मग ती जगते कशी?" त्यावर तिघेही हसले. एका गोष्टीने मात्र माझी लाज राखली. तारामासा करायची वेळ आली तेव्हा मी कागद घेतला, मध्यबिंदूभोवतीच्या ३६० अंशांचे दहा सारखे भाग होतील अशा घड्या घातल्या, म्हणजे प्रत्येक भाग ३६ अंशांचा, आणि कात्रीने एकच तिरपा काप घेतला. घडी उलगडली तर हातात पाच टोकांचा रेखीव तारा! मुले "पुन्हा, पुन्हा" म्हणून ओरडली. मी पुन्हा केला. अकरा वेळा केला. गणिताच्या तासाला एवढी दाद मला कधी मिळाली नव्हती. चिऊने मात्र प्रत्येक ताऱ्याची टोके कात्रीने गोल केली. खरा तारामासा इतका टोकदार नसतो म्हणे.

हात कामात असले की मन मोकळे फिरते. कात्रीच्या पात्यावरून पतंगी कागदाच्या पट्ट्या ओढून त्यांना वळसे देत होतो, आणि मला एकाएकी १९८८ सालची दिवाळी आठवली.

तेव्हा आम्ही गिरगावात चाळीत राहत होतो. चिरंजीव आठ वर्षांचे होते, आज चिऊ आहे तेवढेच. सहामाही परीक्षा नुकत्याच झालेल्या आणि माझ्यापुढे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. दिवाळीची सुटी ही मुलांची; मास्तरांची ती पेपर तपासण्यात जाते. मी चहा घ्यायला उठलो आणि परत येऊन पाहतो तो एका उत्तरपत्रिकेची चिरफाड झालेली. चिरंजीवांनी ती कापून, दुमडून काहीतरी केले होते आणि ते पाण्याच्या बादलीत सोडले होते. शाई विरघळून बादलीतले पाणी निळे झाले होते. मी त्याच्या मुस्कटात मारली. एकच मारली, पण गालावर चार बोटे उमटली. तो रडला नाही. बादलीकडे पाहत उभा राहिला. ज्या मुलाची ती उत्तरपत्रिका होती, त्याला मी चाचणीतल्या गुणांवरून अंदाजाने चाळीस गुण दिले. ही गोष्ट मी मुख्याध्यापकांना सांगितली नाही, त्या मुलालाही सांगितली नाही.

पुढे चिरंजीव जहाजावर गेले आणि या प्रसंगाची घरात एक गमतीची गोष्ट झाली. ती मीच केली. "आठव्या वर्षी सहामाहीच्या पेपराची होडी करून बादलीत सोडली होती! तेव्हाच ओळखलं, हा दर्यावर्दी होणार," असे मी पाहुण्यांना सांगत असे. त्याच्या लग्नातही सांगितले. सगळे हसले, तोही हसला. त्या गोष्टीतून मुस्कटात मारल्याचा भाग केव्हा गळून पडला, ते माझे मलाच कळले नाही.

नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी आम्ही समुद्रघोडा करीत होतो. दोघे भाऊ किल्ल्यावर मावळे मांडायला गेले होते; चिऊ आणि मी दोघेच होतो. समुद्रघोड्याचे पोट कसे करायचे, यावर चर्चा चालली होती. चिऊने मला सांगितले, की या प्राण्यात पिल्ले आईच्या पोटात नसतात, बाबाच्या पोटाशी एक पिशवी असते, आई त्या पिशवीत अंडी घालते आणि बाबा ती सांभाळतो. मी पुस्तकात पाहिले. ते तसेच होते. तिने पिवळ्या कागदाची एक इवलीशी पिशवी करून समुद्रघोड्याच्या पोटाला चिकटवली, आणि तिच्यात तांदळाएवढे कागदाचे कपटे भरले. भरता भरता माझ्याकडे न पाहता तिने विचारले, "आजोबा, बाबा १ तारखेला येणार ना?"

मी म्हणणार होतो, "येणार तर!" शब्द ओठांवर आले होते. पण समोर ती पिशवी होती आणि तिची ती खळीने माखलेली बोटे होती. आणि मला वाटले, हिने आज सकाळपासून माझ्या सात चुका काढल्या, आणि त्या प्रत्येक वेळी माझ्यासाठी खरे काय ते शोधून दिले. हिला खोटे उत्तर कसे द्यायचे?

मी म्हटले, "नाही बाळ. बोटीला फार लांबून वळसा घालून यावं लागतंय. १ तारखेला नाही जमणार त्यांना."

"मग कधी?"

"ते मला माहीत नाही. त्यांनाही अजून माहीत नाही."

ती काही बोलली नाही. राहिलेले कपटे एकेक करून तिने पिशवीत भरले. मग म्हणाली, "आईला माहितीय?"

"हो."

"म्हणून ती चकल्या करताना रडत होती." थोड्या वेळाने म्हणाली, "मला वाटलं, चकल्या मोडताहेत म्हणून."

ती उठून गेली. दुसऱ्या खोलीत बराच वेळ शांत होते. मी आत गेलो नाही. पूर्वी मला शांततेची भीती वाटत नसे. वर्गात शांतता झाली की मी स्वतःवर खूश होत असे. त्या संध्याकाळी मात्र पंख्याच्या वाऱ्याने तारामासे उडू नयेत म्हणून त्यांच्यावर हात ठेवून मी नुसता बसून राहिलो. सूनबाई बाहेर आल्या. माझा चेहरा पाहून त्यांना सगळे समजले. मी म्हटले, "सांगून टाकलं मी." त्या रागावतील असे वाटले होते. त्या म्हणाल्या, "बरं झालं, बाबा. माझ्याच्याने होत नव्हतं." आणि त्या आत चिऊपाशी जाऊन बसल्या.

तासाभराने चिऊ परत आली ती नवीनच बेत घेऊन. आकाशकंदील अजून व्हायचा होता. ती म्हणाली, "आपला कंदील ऑक्टोपसचा करू या." विचार करून पाहिला तर ती सूचना फार शहाणपणाची होती. आकाशकंदिलाला मुळातच झिरमिळ्या असतात. त्या मोजून आठ लावल्या की झाला ऑक्टोपस. मी कामट्या तासल्या, सांगाडा बांधला, वर जांभळा कागद ताणून चिकटवला. आठ झिरमिळ्या पेन्सिलीवर गुंडाळून त्यांना वळणे दिली. ऑक्टोपसला तीन हृदये असतात आणि त्याचे रक्त निळे असते, असे चिऊने सांगितले. तेव्हा आतून तीन निळे बदाम चिकटवणे भाग पडले. बाहेरून ते दिसणार नव्हते. पण ते आहेत हे आपल्याला माहीत असते ना, असे तिचे म्हणणे.

मग तिने डोळ्यांच्या जागी दोन गोल खिडक्या कापायला सांगितल्या. एकीवर लाल जिलेटीन लावले, दुसरीवर हिरवे.

"एक लाल आणि एक हिरवा?" मी विचारले.

"बोटीला असे दिवे असतात. डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा. बाबांनी शिकवलंय मला."

मी कंदील समोर धरून पाहिला. लाल डोळा माझ्या उजव्या हाताला होता. मास्तर जागा झाला. म्हटले, "मग हे उलटे झाले. लाल उजवीकडे आलाय."

तिने एक सुस्कारा सोडला. "आजोबा, त्याचा डावा. तुमचा नाही."

ही आठवी चूक.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी संध्याकाळी ऑक्टोपस गॅलरीत चढला. सगळ्या इमारतीत चांदण्या, कमळे, करंज्यांचे कंदील. आणि मध्येच आमचा हा जांभळा प्राणी, एक डोळा लाल, एक हिरवा, वाऱ्यावर आठ हात हलवीत. खाली फटाके वाजवणारी पोरे हात दाखवून हसत होती. चिऊचे तिकडे लक्ष नव्हते. हल्ली जहाजावर उपग्रहामार्फत बोलता येते. रांगोळी झाली, पूजा झाली, आणि आठच्या सुमारास सूनबाईंचा फोन वाजला.

पडद्यावर चिरंजीव दिसले. दाढी वाढलेली, मागे लोखंडी भिंत. चिऊने बाबांना काही बोलूच दिले नाही. फोन घेऊन ती थेट गॅलरीत गेली आणि तो कंदिलासमोर धरला. आम्ही मागे उभे होतो. पलीकडून कितीतरी वेळ आवाज येईना. मला वाटले, संबंध तुटला.

मग चिरंजीव म्हणाले, "चिऊ, मला दोन्ही दिवे दिसताहेत. लाल पण आणि हिरवा पण."

"मग?"

"समुद्रात रात्री समोरच्या बोटीचा नुसता लाल दिवा दिसला, की ती आपल्याला डावी बाजू दाखवून चाललीय. नुसता हिरवा दिसला, तर उजवी बाजू दाखवून. आणि दोन्ही एकदम दिसले, की समजायचं, ती सरळ आपल्याकडेच येतेय."

चिऊ म्हणाली, "मला माहितीय. म्हणूनच केलाय."

सूनबाई आत निघून गेल्या. हिने देवापुढची वात उगाचच सारखी केली. मीही काहीतरी करायला हवे म्हणून चष्मा पुसला.

मग सगळा समुद्र बाबांना दाखवण्याचा कार्यक्रम झाला. बुटाच्या खोक्यात आतून निळा कागद लावून, दोऱ्यांनी सगळी मंडळी टांगली होती. पापलेट, दोन्ही डोळे एका बाजूला असलेला लेपा, दहा पायांचा खेकडा, पिशवीवाला समुद्रघोडा, आणि तळाशी एक कासवी. प्रत्येकाची ओळख झाली. शेवटी फोन माझ्या हाती आला. काहीतरी बोलायचे म्हणून मी नेहमीचीच गोष्ट काढली. "तुझी लेक तुझ्यावर गेलीय. तू नाही का सहामाहीच्या पेपराची होडी केली होतीस!"

तो हसला. म्हणाला, "होडी नव्हती बाबा ती. मासा होता."

"मासा?"

"हो. तुम्ही त्या रविवारी मला तारापोरवाला मत्स्यालयात नेणार होतात. मग पेपर आले. म्हणून म्हटलं, आपणच एक करू."

हे तो अगदी सहज म्हणाला. तक्रारीचा सूर नव्हता. हवामान सांगावे तसे सांगितले. मग हिला बोलायचे होते, फोन तिच्याकडे गेला.

वाचकांपैकी कुणी गिरगावात राहिले असेल, तर त्यांना सांगायला नको. मरीन ड्राइव्हवरचे ते मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. चर्नी रोड स्टेशन ओलांडले की ते लागे. आमच्या चाळीतून जेमतेम पंधरा मिनिटांची वाट. मारल्याची आठवण मला होती. तिच्यावर हसण्याचे पांघरूण घालून मी ती जपून ठेवली होती. पण रविवारी नेईन म्हणून मी त्याला कबूल केले होते, हे मला मुळीच आठवत नव्हते. अजूनही आठवत नाही. त्याच्या लग्नात दोनशे माणसांसमोर मी त्या माशाची होडी केली, आणि तो हसला, आणि त्याने चूक दाखवली नाही. मी त्याच्या जागी असतो तर लाल शाई काढली असती.

त्या रात्री मला उशिरापर्यंत झोप आली नाही. गॅलरीत ऑक्टोपस हलत होता. आपण मुलांना काय काय देतो याचा हिशेब बाप ठेवतो : फी, पुस्तके, दवाखाना, लग्न. पण जे द्यायचे म्हटले आणि दिले नाही, त्याची नोंद मुलाकडेच असते.

चिऊच्या त्या कासवीविषयी एक सांगायचे राहिले. ती करताना मी वाचले होते, की कासवी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि समुद्रात निघून जाते. पिल्ले तिला पाहत नाहीत, ती पिल्लांना पाहत नाही. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर २००२ सालापासून माणसे ती अंडी राखतात आणि पिल्ले बाहेर पडली की समुद्रात सोडतात. वाचून मला ती कासवी थोडी निष्ठुर वाटली होती. पुढे २०२५ साली वर्तमानपत्रात बातमी आली : २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर पंखाला बिल्ला लावलेली एक कासवी त्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. पूर्वेच्या समुद्रातून पश्चिमेच्या समुद्रात, सुमारे ३,५०० किलोमीटर! मी ती बातमी कापून चिऊच्या पुस्तकात ठेवली. कोण किती लांबून वळसा घालून किनाऱ्याला लागते, हे किनाऱ्यावर बसलेल्याला दिसत नाही. एवढेच मला त्यातून समजले.

चिरंजीव आले ते तुळशीची लग्ने उरकल्यावर, नोव्हेंबर संपता संपता. कंदील तोवर उतरवू दिला नव्हता. सोसायटीतल्या लोकांनी विचारले की चिऊ सांगे, "बोट अजून पोचायचीय." ते आले त्या रात्री तिने स्वतः तो विझवला.

डिसेंबरातल्या एका रविवारी मी सकाळीच कपडे करून बसलो. चिरंजिवांना म्हटले, "चल, गिरगावात जाऊन येऊ. चिऊलाही घे." त्यांनी कुठे म्हणून विचारले नाही. चर्नी रोडला उतरलो, पूल ओलांडून पलीकडे गेलो. समोर समुद्र होता, आणि मत्स्यालयाचे दार बंद होते. ते काही वर्षांपासूनच बंद आहे, हे मला ठाऊक असायला हवे होते. पण माझ्या डोक्यात ते १९८८ सालीच उघडे राहिले होते. मी बंद दारापुढे उभा राहिलो. काय बोलावे ते सुचेना. म्हटले, "उशीर झाला रे मला."

चिरंजीव काही बोलले नाहीत. चिऊने मात्र खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. तिने तो बुटाचा खोका बरोबर आणला होता. समुद्राच्या कठड्यावर तो ठेवून तिने झाकण उघडले. वारा आत शिरला आणि पापलेट, लेपा, खेकडा, समुद्रघोडा सगळे दोऱ्यांवर गरगरा फिरू लागले.

"मत्स्यालय उघडलंय," ती म्हणाली. "तिकीट दहा रुपये."

चिरंजिवांनी खिशात हात घातला, मग तो तसाच बाहेर काढला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाबा, सगळ्यांचं तुम्ही काढायचं. छत्तीस वर्षं थकलंय."

मी तीस रुपये मोजून दिले. तिने मोजून घेतले, आणि म्हणाली, "माझं कशाला? मी तर इथलीच आहे," आणि दहा परत केले.